सारंगकाकांचा रविवार

"बाय, एक बटाटा दे."

सकाळी चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच कुंपणापलीकडून ही मागणी यायची. पहिल्यांदा मला वाटलं, यमुनाकाकींना रश्श्यात घालायला कमी पडला असेल. मी दोन दिले. सारंगकाकांनी एक परत केला, दुसऱ्यावर दोन बोटं ताणून बसवली, अंगठा खालून टेकवला, डावा गुडघा छातीपर्यंत उचलला आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने माझ्या अंगणातल्या माडाच्या बुंध्यावर तो बटाटा असा फेकला की वरचे कावळे उडाले. बटाट्याचे तुकडे तुळशीपर्यंत गेले.

"असा! असा वलला बग आतमधी! बॅटवाला निस्ता बगत ऱ्हायला. ह्या बोंबलाला तोड नाय, बाय, तोड नाय!"

पलीकडून काकींचा आवाज आला, "लोकांच्या घरचा बटाटा हाय त्यो. आपल्या घरचा फेक की."

"आपल्या घरचा फेकला तं तू मना फेकशील."

आमच्या थळ गावात पहाटे उठण्यात काही विशेष नाही. होड्या लागतात, टोपल्या भरतात, बाजाराची वेळ गाठायची असते. पण सारंगकाका पहाटे उठत ते मासळीसाठी नाही. त्या वेळी अमेरिकेत संध्याकाळचे सामने रंगात आलेले असत. ओट्यावर स्टीलच्या पेल्याला मोबाइल टेकवून, कानटोपी घालून ते बेसबॉल बघत. गावात दुसऱ्या कोणालाही या खेळाचं एक अक्षर कळत नव्हतं. सांगायला कोणीतरी हवं म्हणून त्यांनी मला निवडलं होतं. कारण त्यांनीच एकदा सांगितलं, "तू मधी बोलत नाय. बाकीची मानसं मधीच 'म्हंजे क्रिकेटसारखंच ना?' इचारतात."

मी गावातल्या शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. पुस्तकं, पडवी आणि झोपाळा एवढ्यात माझा दिवस जातो. मला कुठल्याच खेळात गती नव्हती. पण एखाद्या गोष्टीवर जीव टाकणारा माणूस समोर उभा राहून, हातवारे करत, घामाघूम होऊन सांगू लागला की कोणालाही ऐकावंच लागतं.

त्यांचं नाव हिराजी. तरुणपणी ते मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून चढले आणि डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग होऊन उतरले. बोट सुटली, हुद्दा मात्र नावाला चिकटून गावात आला. बेसबॉल त्यांना भेटला तो एका अमेरिकन बंदरात. माल चढायला उशीर होता, बोट अडकून पडली होती. खलाशांची विचारपूस करणाऱ्या एका संस्थेची गाडी आली आणि मॅच बघायला कोण येतंय म्हणून विचारू लागली. बाकीचे बाजारात गेले. हे एकटे गाडीत बसले.

"मना वाटलं फुटबॉल. जाऊन बगतू तं हिरवंगार मैदान, आन मधी एक मानूस मातीच्या उंचवट्यावर उबा. सगली दुनिया त्याच्या हातातल्या बॉलकडं बगतेय आन त्यो कोनाकडंच बगत नाय. बाय, मी तितंच खल्लास जालू."

त्यानंतर बोट ज्या ज्या बंदराला लागली आणि जिथे जिथे हा खेळ होता, तिथे तिथे सारंगकाका डेकवरून उतरले की मैदानाचा रस्ता विचारत सुटायचे. जपानी बंदरातले सामने त्यांना फार आवडत. तिथले लोक ढोल वाजवतात, प्रत्येक खेळाडूसाठी वेगळं गाणं म्हणतात. "आपल्या कोलीवाड्यातल्या हळदीवानी," असं ते म्हणत.

खेळाडूंची खरी नावं त्यांच्या जिभेवर टिकत नसत. म्हणून त्यांनी प्रत्येकाला माशाचं नाव दिलं होतं. मी एकदा म्हटलं, अहो, त्यांना त्यांच्या आईबापांनी नाव ठेवलंय ना? तर म्हणाले, "आईबापानं जल्मल्यावर ठेवलं. खेल बघून नाव ठेवायचं काम माजं."

बोंबील हा त्यांचा लाडका पिचर. पिचर म्हणजे बॉल फेकणारा. लांब, लवलवीत, हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी असा त्याचा हात वळायचा. एका सामन्यात या बोंबलाने समोरच्या संघातल्या एकालाही पहिल्या बेसवर, म्हणजे पळताना पाय लावायच्या चार खुणांपैकी पहिलीवर, पाऊल ठेवू दिलं नव्हतं. एकेक करत सगळे आले आणि गेले. शेवटचा एक उरला. लोक उभे राहिले, पण ओरडायची कोणाची हिंमत होईना. त्या शेवटच्याने बॅट नुसती लावली. बॉल हलकेच उडाला आणि तिघांच्या मधोमध, कोणाच्याच हाताला न लागता, गवतावर पडला.

हे सांगताना काका थांबले. मी चहाचा कप तसाच धरून उभी. "मग?"

"मंग कं? बोंबलानं टोपी काडली, घाम पुसला, टोपी घातली आन फुडचा बॉल टाकलान. निस्ता फुडचा बॉल! आपला एक नंबरचा चमत्कार हातातना गेला, आन यो फुडचा बॉल टाकतोय. तितं त्यो रडत बसला असता ना, तं मी त्याला कवाच इसारलू असतू."

मग खेकडा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा, आडवा पळणारा, मातीत बसल्या बसल्या बॉल फेकून गडी बाद करणारा. खेकड्याची गोष्ट सांगताना काका स्वतः अंगणात आडवे पळून दाखवत आणि काकी खिडकीतून म्हणत, "पाय मोडून घेशील, मंग तुना डोलीतना न्यावं लागल." आणि घोळ. प्रचंड देहाचा, गुडघे गेलेला, निवृत्तीला टेकलेला फलंदाज. त्याने एका संध्याकाळी बॉल भिंतीपलीकडे मारला आणि मग लंगडत, सावकाश, चारही बेसना पाय लावत गेला. प्रत्येक बेसवर उभा असलेला समोरच्या संघाचा माणूस त्याच्या पाठीवर हात ठेवत होता.

"बॉल मैदानाभायेर गेला तरी फिरायलाच पायजे," काका मला समजावत. "क्रिकेटमधी सिक्स मारला की हाय तितं उभा ऱ्हातो. यामधी तसं नाय. कितीबी लांब मार, घरना निघालास तं घरी येऊन पाय लावायचा. तवाच एक रन. त्या शेवटच्या बेसचं नावच घर हाय, बाय. जल्मभर बोटीवर काडलेल्या मानसाला यो खेल कसा आवडनार नाय?"

हरण्याबद्दलही त्यांचं एक मत होतं. चांगल्यातला चांगला फलंदाज दहा वेळा उभा राहिला तर सातएक वेळा बाद होतो, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, "तुना नवल वाटतंय कारन तू मास्तरीन. तुज्याकडं दहात तीन म्हंजे नापास. कोल्याला इचार. दहा येला जालं टाकलं तं किती येला भरून येतं?"

अमेरिकेतल्या त्या खलाशांच्या संस्थेत त्यांना खेळाच्या नियमांची एक इंग्रजी पुस्तिका मिळाली होती. ती त्यांनी एका पावसाळ्यात माझ्या पुढ्यात ठेवली. "बाय, याचं मराठी कर." होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, गावाला काम नाही. मी पडवीत बसून भाषांतर केलं, ते शेजारी बसून प्रात्यक्षिक दाखवत होते. एका नियमापाशी मी दोन दिवस अडले. शेवटी तेच म्हणाले, "त्यो सोड. त्यो अमेरिकेतबी कोनाला कलत नाय."

मागच्या थंडीत त्यांना हृदयाचा झटका आला. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या इस्पितळाजवळ राहा. मुलगा नवी मुंबईत राहतो. होळी झाली की आईबापांना कायमचं घेऊन जायचं, असं त्याने ठरवलं. काकांनी वाद घातला नाही. त्या संध्याकाळी कुंपणापाशी आले, बटाटा मागितला नाही.

"बाय, जल्मभर दुसऱ्यांच्या गावात मॅच बगितली. जायच्या आदी एक मॅच आपल्या दर्यावर बगायची हाय. आपल्या पोरांची. अर्धीमुर्धी नाय, पुरी."

आता किनारा म्हटला तर सगळ्यांचा, पण रविवारचा किनारा क्रिकेटचा. ओहोटीला वाळू कडक आणि सपाट होते, रस्त्यासारखी. सामने तिथेच भरतात. मंडप, भोंगे, मोबाइलवर थेट प्रक्षेपण, चषक माणसाच्या कमरेएवढा. या सगळ्याचे सर्वेसर्वा बाल्याशेठ. ट्रकांचा धंदा, वरच्या पाड्याचे, कडक इस्त्रीची पांढरी पँट. मारुतीच्या देवळात क्रिकेट कमिटीची बैठक होती, तिथे काका मला घेऊन गेले.

"काका, कंचा खेल म्हनलास?" बाल्याशेठ हसू दाबत म्हणाले. "त्यो, दांडा फिरवून पलत सुटायचं त्यो? किती वेल लागतो?"

"घड्याल नाय त्यामधी. शेवटचा गडी बाद जाला की संपली."

"म्हंजे दर्या थांबनार तुज्यासाठी?"

सगळी बैठक हसली. आमच्या किनाऱ्यावरच्या क्रिकेटचा एक जुना रिवाज आहे: भरतीचं पाणी स्टंपांना लागलं की सामना संपला. त्यावर कोणी भांडत नाही. बाल्याशेठनी तोच पुढे केला. क्रिकेटची फायनल झाली की पुढचा रविवार काकांना. "पानी लागायच्या आदी मॅच पुरी जाली, तं दर सालाला एक रविवार तुज्या खेलाचा. अर्धी ऱ्हायली, तं पुन्ना या देवलात त्याचं नाव काडायचं नाय. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले. मला वाटतं, त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नव्हतं.

सामना ठरला खालचा पाडा विरुद्ध वरचा पाडा, आणि पुढचे दिवस गावात एकच धांदल. बॅटी केल्या होड्यांची वल्ही तासणाऱ्या सुताराने. बेस म्हणून वाळू भरलेली पोती आणि घर म्हणून जुन्या होडीची फळी. खरे बॉल काकांच्या पेटीत होते, आणि एक खरा कातडी हातमोजाही. बाकीच्यांचं काय? काकींनी तो हातमोजा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "यो तं निस्ता खिसा हाय." जाळं विणायचा नायलॉनचा दोर काढला, शेजारच्या चार बायकांना बसवलं आणि जुन्या शिडाच्या कापडावर जाळीची खोळ विणून खालच्या-वरच्या दोन्ही पाड्यांना पुरतील एवढे हातमोजे केले. वर काकांना ऐकवलंच: "जल्म गेला बोटीवर. घरी आयला तं बोटीवरचा भूत संगती घेऊन आयला. आता त्या भूताचे कपडे मी शिवतेय."

सराव सुरू झाला. पोरं तयारीची होती, हात चलाख होते. एकच खोड जाईना. बेसबॉलमध्ये बॉल मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. आमच्या पोरांच्या हाडात क्रिकेट. बॅट हातात धरून पळणं आणि शेवटी ती क्रीजमध्ये टेकवणं, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. काकांचा पुतण्या नंदू, खालच्या पाड्याचा सगळ्यात तगडा मारणारा, या बाबतीत सगळ्यात अडाणी.

"टाक! बॅट टाक रे! लगीन लावलंयस का तिच्याशी?"

"काका, हात मोकला ऱ्हायला की तोल जातो."

"तोल जाऊं दे, बॅट जाऊं दे!"

पंच कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा काकांनी माझ्याकडे बोट केलं. मी नको म्हणाले. मैदानात उभं राहायची मला सवय नाही, मोठ्याने बोलायची तर नाहीच. "सगला गाव तुज्या हाताखालना गेलाय," ते म्हणाले. "तुज्याफुडं कोन बोलनार? आन नियम तुनाच पाठ हाईत." अशा रीतीने मी सुती साडीवर बाल्याशेठच्या मुलाचं मोटरसायकलचं हेल्मेट घालून त्या रविवारी फळीच्या मागे उभी राहिले.

ओहोटीचा वेळ पुरेसा होता. पण आमच्याकडे सत्काराशिवाय काही सुरू होत नाही. बाल्याशेठनी माइक घेतला. आजी सरपंच, माजी सरपंच, सुतार, मंडपवाला, काकींसह पाच विणकर बायका, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मग पाहुण्यांचे दोन शब्द, जे कधीच दोन नसतात. काका खुर्चीवरून समुद्राकडे बघत होते. पाणी मागे जायचं थांबलं, तेव्हा कुठे पहिला बॉल पडला.

आणि मग काय सांगू! मला वाटलं होतं, लोक थोडा वेळ हसतील आणि घरी जातील. या खेळात डाव नऊ, प्रत्येक डावात दोन्ही बाजूंची एकेक बारी, आणि तीन गडी बाद झाले की बारी संपली. पण तिसऱ्या डावापर्यंत गर्दी दोरीच्या आत आली होती. वरच्या पाड्याच्या पोराने दुसऱ्या बेसवर असा सूर मारला की तोंडभर वाळू घेऊनच उठला. खालच्या पाड्याच्या पिचरने काकांसारखा गुडघा छातीला लावला आणि पाठीवर पडला. तरी पुढचा बॉल त्याने सरळ टाकला. बायका ताटं वाजवायला लागल्या. ज्यांना नियम कळत नव्हते ते कळणाऱ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होते. काका दोरीबरोबर इकडून तिकडे पळत होते. मुलगा मागून पाण्याची बाटली घेऊन, "बाबा, बसा! डॉक्टरांनी कं सांगलंय?"

"डॉक्टरला बोलव हितं. त्योबी पलल!"

शेवटच्या, नवव्या डावापर्यंत दोघांचे रन सारखे. वरच्या पाड्याची बारी संपली होती. खालच्या पाड्याचे दोन गडी बाद, एक उरला. तो नंदू. पाणी खडकांच्या अलीकडे आलेलं. एक रन झाला की सामना संपला, काकांचं काम फत्ते. नंदूने बॅट फिरवली आणि त्या आवाजानेच सगळे उभे राहिले. बॉल सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला, पार ओल्या वाळूत. नंदू सुटला. पहिला बेस, दुसरा बेस. आणि मला दिसलं, बॅट त्याच्या हातात आहे.

"बॅट टाक!" काका ओरडत होते. त्या गलक्यात ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिसरा बेस. तिकडून बॉल आला, मधल्याने झेलून फळीकडे फेकला. नंदूने झेप घेतली. आडवा, सबंध लांबी घेऊन, हात पुढे, आणि हातात पुढे बॅट. बॅट फळीला टेकली. मग फळीपाशी बसलेल्या कॅचरचा बॉल धरलेला हात नंदूच्या खांद्यावर बसला. मग नंदूची बोटं फळीला लागली. याच क्रमाने.

क्रिकेट असतं तर तो आत होता. सगळा किनारा तो आत आहे असंच धरून नाचायला लागला. पण या खेळात बॅट म्हणजे नुसतं लाकूड, माणसाचं शरीर लागलं पाहिजे. ते मीच माझ्या हाताने मराठीत लिहिलं होतं. मी काकांकडे पाहिलं. नंदू आत, तर सामना पुरा आणि दर वर्षीचा रविवार त्यांचा. बाद, तर डाव वाढणार, आणि पाणी तर आलंच होतं. मी हेल्मेट काढलं. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचे तो आवाज कुठूनतरी सापडला.

"बाद."

मग खालच्या पाड्याने मला घेरलं. "बाई, कं बोलताय तुमी?" "बॅट लागली की पयली!" "बाई वरच्या पाड्याला सामील!" आणि त्या सगळ्यांना बाजूला सारत सारंगकाका आले. चेहरा लाल, दम लागलेला. मला वाटलं, आता हे मला काय म्हणतील.

"बघितलंत?" त्यांनी दोन्ही हात वर केले. "बघितलंत बायनं कं बघितलं? अमेरिकेतला पंच चुकला असता, बाय नाय चुकली! बाद हाय त्यो, बाद! नंद्या, रांडेच्या, शंभर येला सांगलं तुना, बॅट टाक!" आणि ते हसत होते. खरंच हसत होते. "चला, दहावा डाव!"

तेवढ्यात लाटेची एक पातळ जीभ आली आणि फळीखालून परत गेली. बाल्याशेठनी माइक उचलला. "पानी लागलेलं हाय. नियमापरमानं मॅच संपलेली हाय."

"कशाला लागलं?" काकांनी विचारलं.

"कशाला म्हंजे? रिवाज हाय, स्टंपला पानी लागलं की..."

"कंचा स्टंप? दाव मना. या सगल्या मैदानात एक स्टंप दाव, मी आत्ता घरी जातू."

बाल्याशेठनी खरोखरच इकडेतिकडे पाहिलं. आधी बायका हसल्या, मग सगळाच किनारा. त्या हशात दहावा डाव सुरू झाला, घोट्याएवढ्या पाण्यात.

वरच्या पाड्याची बारी. बाल्याशेठचा मुलगा सागर पाणी उडवत तिसऱ्या बेसपर्यंत पोचला. पुढच्याने बॉल पाण्यात मारला, तो तरंगत राहिला आणि दोघे त्याच्यावर एकदम पडले. सागर घराकडे सुटला. माइक अजून चालूच होता, त्यामुळे साऱ्या थळने ऐकलं: "पल रे सागऱ्या! पल, पल, पल! आयला! आयला घरी!"

एक रन पुढे, आणि तेवढ्यावर वरच्या पाड्याची बारी संपली. बाल्याशेठ माझ्याकडे धावत आले. "बाई, जिंकलो ना आमी?"

"खालच्या पाड्याची बारी झाल्याशिवाय नाही."

"आन बंद केली तं?"

"तर अर्धी. कोणीच जिंकलं नाही."

त्यांनी समुद्राकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि माइक फेकला. "खेला रे! कं बगत उभे ऱ्हायलेत? बेस वाहून चालले, धरा ते!" लाटांनी पोती वाळूत ओढली जात होती, दिसेनाशी होत होती. माणसं धावली. प्रत्येक बेसवर एकेक जण पोतं धरून पाण्यात बसला. दुसरा बेस धरून बसले खुद्द बाल्याशेठ, पांढऱ्या पँटीसकट, आणि ओरडत होते, "हितं हाय बेस! हितं!" फळी काकी आणि आणखी एक बाई धरून होत्या. मी गुडघाभर पाण्यात उभी. साडी भिजून जड झाली होती आणि मी सुद्धा ओरडत होते. काय ओरडत होते, ते मला आठवत नाही.

खालच्या पाड्याचा एक बाद झाला, दुसरा बाद झाला. तिसऱ्याने बॉल उंच मारला, उन्हात दिसेनासा झाला. वरच्या पाड्याचा एक पोरगा मागे मागे जात कमरेएवढ्या पाण्यात गेला, उडी मारली आणि लाटेखाली गडप झाला. मग आधी त्याचा हात वर आला. हातमोज्याच्या जाळीतून पाणी गळून गेलं, बॉल राहिला.

"बाद!" मी म्हणाले.

खालचा पाडा हरला होता. म्हणजे काकांचा पाडा. ते कपड्यांनिशी पाण्यात शिरले, त्या पोराला मिठी मारली, मग नंदूला, मग बाल्याशेठला. "पुरी जाली! बाल्या, पुरी जाली!" आणि बाल्याशेठ पोतं कुशीत धरूनच म्हणत होते, "जाली रे काका, जाली. शेवटच्या मानसापर्यंत जाली."

होळीनंतर गाडी आली. काका पुढच्या सीटवर बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "बाय, सकालच्याला फोन करीन. उचल." ते रोज करत. बोंबलाचा खांदा दुखतोय, नवा एक पोरगा आलाय, त्याला अजून मासा ठरत नाही. मग एके दिवशी श्रावणात फोन वाजला तो मुलाचा. पहाट होती. मी गॅस बंद केला आणि कुंपणापलीकडे जाऊन काकांच्या रिकाम्या ओट्यावर बसले.

या माघात मारुतीच्या देवळात कमिटीची बैठक भरली. क्रिकेटच्या तारखा ठरल्या. मग बाल्याशेठ म्हणाले, "आता काकाचा रविवार." आणि बोटांवर तिथी मोजायला लागले. आमच्याकडे तिथी कळली की भरतीची वेळ कळते. ओहोटी लांब असेल असा रविवार काढतील, सकाळी लवकर सुरू करतील, असं मी धरून चालले होते. पण नंदू म्हणाला, "शेठ, त्या रविवारी पानी उशिरा येतंय. मजा नाय. त्याच्या फुडचा घ्या."

"व्हय," सागर म्हणाला. "शेवटचे दोन डाव पान्यातच पायजेत."

दोन्ही पाड्यांचं त्यावर एकमत होतं. बेसबॉल असाच खेळतात, अशी सगळ्यांची खात्री झालेली दिसली. अमेरिकेत मैदानं हिरवी आणि कोरडी असतात, हे काकांनी त्यांना शंभरदा सांगितलं असेल.

बाल्याशेठनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, किताबात पान्याचं कं लिवलंय?"

"पाण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही."

"म्हंजे मनाई नाय?"

"नाही."

"मंग तुमी लिवा."

घरी आले, भाषांतराचे कागद काढले आणि शेवटच्या नियमाच्या खाली पुढचा आकडा घालून सावकाश लिहिलं: भरतीचे पाणी आल्यास खेळ थांबत नाही. शेवटचा गडी बाद होईपर्यंत बेस जागेवर धरून ठेवण्याची जबाबदारी प्रेक्षकांची राहील.